गिझर लावला की ट्रिप, पाणी कोमट, नळाला झिणझिण: आधी काय बघायचं आणि कुठे थांबायचं

गोव्यात गिझरच्या तक्रारी वर्षातून दोनदा उसळतात. एकदा चवथीच्या तोंडावर, मुंबई-पुण्याहून किंवा परदेशातून माणसं येऊन महिनोन्महिने बंद असलेली घरं उघडतात तेव्हा, आणि दुसऱ्यांदा डिसेंबरात पहाटे गारठा पडू लागला की. पेडणे-बारदेशात माझं हेच काम आहे. सांगणाऱ्याचे शब्द निरनिराळे असतात, बिघाड मात्र तेच ते असतात. त्यातले बरेचसे गिझरचा एक स्क्रूही न उघडता ओळखता येतात. कधी हात लावायचा नाही हे कळणंही तितकंच गरजेचं आहे, म्हणून दोन्ही लिहितो आहे.

लक्षणं

फोनवर लोक साधारण हे सांगतात:

- बटण दाबल्या दाबल्या ईएलसीबी (वीज गळली की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच) पडतो. किंवा लगेच पडत नाही, पाच-दहा मिनिटांनी पाणी तापू लागलं की पडतो.
- गिझर बंद आहे तरी ईएलसीबी अधूनमधून पडतो. लोक फ्रिजला नाहीतर पंपाला दोष देतात. गिझरचा प्लग काढून ठेवला की दिवसभर काही होत नाही.
- दिवा लागतो, पण पाणी थंडच.
- पाणी तापतं, पण अर्ध्या बादलीत संपतं.
- पाणी नको इतकं तापतं, नळातून वाफेसकट फुरफुरत येतं.
- व्हॉल्व्हमधून थेंब पडतात, किंवा कव्हरच्या कडेने पाणी झिरपतं.
- पाणी लाल येतं, कधी कुजक्या अंड्याचा वास येतो.
- प्लग काळा पडलाय, गरम लागतो, जळका वास येतो.
- नळाला किंवा शॉवरला हात लावला की झिणझिण्या येतात.

यातल्या नळाच्या झिणझिण्या, वाफेचं पाणी आणि जळका वास या तिन्हींत तपासणी वगैरे काही करायची नाही. ओल्या हाताने गिझरचं बटण शोधत बसू नका. न्हाणीतून बाहेर या, हात पुसा, पायात चप्पल घाला आणि मेन बोर्डावरून वीज बंद करा. वाफ येत असेल तर गरम नळाशी खेळू नका, वीज बंद करून गिझर काही तास तसाच निवू द्या. मग वायरमनला फोन करा. कोणी झिणझिण्यांना "थोडासा करंट आहे, सवय होते" असं म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका. ओल्या अंगाला थोडा करंट पुरतो.

गॅस गिझर असेल तर हे आधी वाचा

गॅस गिझरचा सर्वांत वाईट बिघाड डोळ्यांना दिसत नाही. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आंघोळीत डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं, पायातलं बळ जाणं ही त्याची लक्षणं. माणसाला वाटतं वाफेनं किंवा उपाशीपोटी होतंय, आणि तो दार लावून आतच थांबतो. असं वाटलं की नळ, साबण सोडून बाहेर मोकळ्या हवेत यायचं. आत कोणी पडलेलं असेल तर दार-खिडकी उघडून, स्वतःचा श्वास सांभाळून त्याला बाहेर काढायचं आणि १०८ ला फोन करायचा.

ज्योत निळी असावी. ती पिवळी झाली किंवा वरच्या भागावर काजळी धरली, तर त्या दिवसापासून गिझर बंद. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दिव्याचं बटण चालू किंवा बंद काहीही करू नका, खिडक्या उघडा आणि १९०६ वर कळवा. एलपीजी गळतीसाठीचा हाच क्रमांक आहे.

गॅस गिझरमध्ये घरच्या घरी करण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत. ठिणगी पडत नसेल तर खालच्या कप्प्यातले सेल बदला, पावसाळ्यात दमट हवेने त्यांची टोकं गंजतात. आणि पाण्याचा दाब बघा, कारण पुरेसा दाब नसला की आतला पडदा गॅस सोडतच नाही. बर्नर, नळी, धुराचा पाइप ही कामं कंपनीच्या माणसाची. आणि न्हाणीला बारीकशीच खिडकी असेल, तीही पावसाच्या भीतीने कायम बंद, तर गॅस गिझर न्हाणीच्या आत नकोच. तो बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा.

आता विजेच्या टाकीवाल्या गिझरकडे येऊ.

पहिली तपासणी: पडलं ते नक्की काय?

याला पैसा लागत नाही, आणि अर्धं निदान इथेच होतं. बोर्डावर एमसीबी आणि ईएलसीबी शेजारी शेजारी असतात. ज्यावर "टी" लिहिलेलं छोटं टेस्ट बटण असतं तो ईएलसीबी. एमसीबी पडला तर वीज जास्त खेचली जातेय किंवा शॉर्ट झालंय. ईएलसीबी पडला तर वीज आपली वाट सोडून कुठेतरी गळतेय, बहुधा अर्थिंगमध्ये. घरातला ईएलसीबी साधारणपणे ३० मिलिअँपिअर गळतीवर पडेल असा असतो. फोनवर "ट्रिप होतो" एवढंच न सांगता कोणता पडला ते सांगितलंत, तर येणारा माणूस बरोबर सामान घेऊन येतो.

आता ते कोडं, गिझर बंद असतानाही ईएलसीबी पडण्याचं. बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलीच राहते. एलिमेंट (पाणी तापवणारी आतली नळी) भिजलेलं असेल तर न्यूट्रलमधली थोडी वीज त्यातून अर्थिंगकडे वळते. फ्रिज, पंप, इस्त्री असं काही चालू झालं की ती गळती वाढते आणि ईएलसीबी पडतो. म्हणून संशय असेल तेव्हा बटण बंद करून भागत नाही. मेन बंद करून गिझरचा प्लग खेचून काढा आणि एक दिवस घर तसं चालवा. एकदाही पडला नाही तर दोष गिझरच्या बाजूचा. फ्रिज बदलायला निघालेल्या घरांत मी हे एवढंच करून दाखवलेलं आहे.

दुसरी: घरातली वीज ठीक आहे का?

पावसात झाडं लाईनीवर पडतात. न्यूट्रल तुटली तर २३० व्होल्टच्या जागी घरात भलताच दाब येऊ शकतो, अगदी ४०० च्या घरातही. पंखे जोरात फिरू लागले, बल्ब नेहमीपेक्षा प्रखर झाले किंवा एका खोलीत प्रखर आणि दुसरीत मंद झाले, तर गिझर बाजूला राहू द्या, मेन बंद करा आणि वीज खात्याला १९१२ वर कळवा. शेजाऱ्याकडेही तेच होत असेल तर खात्रीच. अशा दिवशी गिझरवाल्याला बोलावलंत तर पैसे फुकट जातात.

तिसरी: प्लग आणि सॉकेट

मेन बंद करून प्लग काढा आणि उजेडात नेऊन बघा. माझ्या अनुभवात किनारपट्टीच्या गावांत, मोरजी-मांद्र्यापासून कळंगुटपर्यंत, सर्वांत जास्त बिघाड इथे सापडतात. खारी हवा पितळेच्या पिनांवर हिरवट-पांढरी पूड धरवते. पिन आणि सॉकेटची पकड सैल होते, तिथे उष्णता तयार होते, प्लास्टिक आधी पिवळं आणि मग काळं पडतं. दोन किलोवॅटचा गिझर साडेआठ-नऊ अँपिअर घेतो, तीन किलोवॅटचा तेरा. म्हणजे १६ अँपिअरचं जाड पिनांचं सॉकेटच हवं. एक्स्टेंशन बोर्ड किंवा ६ अँपिअरच्या सॉकेटात अडॅप्टर घालून गिझर चालवायचा नाही, एक दिवससुद्धा नाही.

जळालेलं असेल तर प्लग आणि सॉकेट दोन्ही एकदम बदलून घ्या. फक्त प्लग बदलला तर जुन्या सॉकेटची ढिली पकड नवा प्लगही जाळते. काम काही शे रुपयांचं आहे, पण ते वायरमनने करावं, कारण भिंतीतली तारही पुढे करपलेली आहे का हे त्याला कापून बघावं लागतं.

चौथी: टाकीत पाणी आहे का?

बंद घर उघडलं की हे आधी. प्लग लावण्यापूर्वी गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडा. थंड पाणी खालून आत शिरून गरम पाण्याला वरून ढकलतं, म्हणून टाकी भरल्याशिवाय गरम नळाला धार येतच नाही. फुसफुस हवा येईल, मग थुंकत थुंकत पाणी, आणि शेवटी अखंड धार. ती आल्यावरच प्लग. रिकाम्या टाकीत एलिमेंट चालू केलं तर ते थोड्याच वेळात जळतं, आणि चवथीच्या आदल्या दिवशी नवं एलिमेंट मिळवणं किती कठीण असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको.

महिनोन्महिने साचलेलं पाणी पहिल्याच दिवशी अंगावर घेऊ नका. थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा भाग) ६० अंशांवर ठेवून पूर्ण तापवा, खिडकी उघडी ठेवून ते सगळं सोडून द्या आणि टाकी पुन्हा भरा. साचलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून ते छातीत जाऊ शकतात.

पाचवी: घड्याळ लावून बघा

"पाणी नीट तापत नाही" हे मोजल्याशिवाय काही सांगत नाही. १५ लिटरचा, दोन किलोवॅटचा गिझर २५ अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला साधारण वीस मिनिटं घेतो, २५ लिटरचा तीस-पस्तीस. गिझर पूर्ण थंड असताना चालू करा आणि तापण्याचा दिवा विझेपर्यंत वेळ मोजा. पाणी तापल्यावर तो दिवा विझतो, यात बिघाड नाही.

वेळ बरोबर आला, पण बादली अर्धीच गरम होते? मग तापवणं ठीक आहे, थंड पाणी कुठून तरी मिसळतंय. हँड शॉवर फक्त टोकाला बंद करून मागचे गरम-थंड दोन्ही कॉक उघडे ठेवले असतील, तर दोन्ही पाणी आतल्या आत एकमेकांत जातं. मागचे कॉक बंद करून पुन्हा बघा. या एका सवयीमुळे लोकांनी नवे गिझर घेतलेले मी पाहिले आहेत.

वेळ बराच जास्त लागला तर टाकीत गाळ किंवा एलिमेंटवर थर असू शकतो. तापताना आतून सू-सू किंवा टकटक आवाज येत असेल तर तेच. सगळीकडे क्षाराला दोष दिला जातो, पण गोव्यात पाण्याप्रमाणे आजार बदलतो. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जमिनीतल्या विहिरींचं पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी, त्याने थर कमी धरतो पण धातू खाल्ला जातो. डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यात लोह जास्त, म्हणून पाणी लाल. समुद्रालगतच्या बोअरवेलीत उन्हाळ्यात मीठ चढतं, आणि मिठातला क्लोराईड स्टेनलेस स्टीललासुद्धा बारीक भोकं पाडतो. वर पावसाळ्यात छपरावरच्या टाकीतला गाळ खाली उतरतो. तेव्हा आधी छपरावरची टाकी धुऊन घ्या, नाहीतर गिझर साफ करून काही उपयोग नाही.

सहावी: थेंब कुठून पडतो?

सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थोडं पाणी पडणं साहजिक आहे. १५ लिटर पाणी २५ वरून ७५ अंशांना गेलं की सुमारे पाव ते अर्धा लिटर फुगतं, त्याला वाट हवी. हा थेंब बंद करायला व्हॉल्व्हला बूच मारलेलं मी काही घरांत पाहिलं आहे. हे फार धोक्याचं आहे. थर्मोस्टॅट अडकला तर वाढता दाब बाहेर सोडणारी तेवढीच जागा असते. बूच दिसलं तर गिझर चालू करू नका, प्लंबरला बोलावून व्हॉल्व्हच बदला.

गिझर थंड असतानाही व्हॉल्व्ह गळत राहिला तर आत कचरा अडकलाय किंवा पंपाचा दाब जास्त आहे, हेही प्लंबरचं काम. कव्हरच्या कडेने पाणी येत असेल तर प्लग काढा, इनलेटचा (थंड पाणी आत येतं तो) कॉक बंद करा. गॅस्केट (सांध्यातली रबरी चकती) गेलं असेल तर दुरुस्ती होते, टाकी फुटली असेल तर नाही. बाहेरून एम-सील लावलेली टाकी मला आजवर टिकलेली दिसलेली नाही.

इथे थांबा

यापुढे कव्हरचे स्क्रू येतात, आणि तुमची हद्द तिथे संपते. आत उघडी टर्मिनलं असतात. पालीची अंडी, मुंग्यांची वारुळं, गंजलेले स्क्रू हे सगळं आमच्या हवेत त्या कव्हरखाली सापडतं. आत एक छोटं रीसेट बटण असतं, लोक इंटरनेटवर पाहून ते दाबतात. पाणी प्रमाणाबाहेर तापलं म्हणून तो कटआउट उडालेला असतो. कारण न शोधता बटण दाबलं तर गिझर चालू होतो, पण अडकलेला थर्मोस्टॅट तसाच राहतो.

दुरुस्तीवाला आला की तुम्ही काय बघायचं ते सांगतो. त्याच्याकडे मेगर हवा. एलिमेंट आणि बॉडी यांच्यात इन्सुलेशन किती उरलंय ते त्यावर कळतं, साध्या टेस्टरच्या दिव्याने नाही. दोन किलोवॅटच्या एलिमेंटचा रोध साधारण २६-२७ ओहम यायला हवा. रोध अनंत दाखवला तर ते तुटलंय. रोध बरोबर पण मेगरचा आकडा कमी येतोय, तर त्याने ओल धरलीय किंवा त्याला चीर गेलीय. एलिमेंटच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते, ती हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळाभर बंद राहिलेले गिझर चवथीला ट्रिप होतात ते बहुतेक यानेच.

आणि इथे एक गोष्ट अगदी कळवळून सांगायची आहे. काही जण "ट्रिप होतो ना, बघा आता होणार नाही" म्हणत गिझरची अर्थिंगची तार सोडवून ठेवतात, किंवा ईएलसीबीलाच बगल देऊन गिझर थेट जोडतात. ट्रिप खरंच थांबतं. पण गळती तिथेच असते, फक्त तिला जायला वाट उरलेली नसते. आता घरात पाइपही प्लास्टिकचे, म्हणजे ती वीज टाकीत आणि पाण्यात वाट बघत राहते. नळाला हात लावणारा ओला माणूस ही तिची पहिली वाट. असं काम कोणी करत असेल तर त्याला तिथेच थांबवा, पैसे देऊन परत पाठवा, पण तो गिझर लावू देऊ नका. तुमच्या घरी आधीच कोणी असं करून गेलंय का, हेही नव्या माणसाला तपासायला सांगा.

अर्थिंगचं मोजमापही त्याच भेटीत करून घ्या. चिऱ्याची जमीन जूनमध्ये ओली असते तेव्हा अर्थिंग छान दाखवतं, मे महिन्यात ती कोरडीठाक झाली की रोध वाढतो. म्हणून शक्य असेल तर मोजणी एप्रिल-मेमध्ये करा. तेव्हा ठीक आलं तर वर्षभर ठीक. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायची जुनी सवय मोडू नका. ईएलसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबूनही पडला नाही तर तो बदलेपर्यंत गिझर वापरू नका.

काच-लेपाची टाकी असेल तर मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड विचारून काढून दाखवायला सांगा. टाकीऐवजी तो स्वतः झिजतो, आणि संपला की पाणी टाकी खाऊ लागतं. आपल्या आम्लधर्मी आणि खाऱ्या पाण्यात तो वर्ष-दोन वर्षांनी बघावाच. कुजक्या अंड्याचा वासही बऱ्याचदा याच रॉडच्या आसपास वाढणाऱ्या जंतूंमुळे येतो. टाकी उपसून ६० अंशांवर तापवल्यावर वास गेला नाही, तर वेगळ्या धातूचा रॉड मिळतो का ते कंपनीला विचारा.

वॉरंटी चालू असेल तर गावातल्या माणसाला कव्हर उघडू देऊ नका, ती रद्द होऊ शकते. टाकीची वॉरंटी एलिमेंटपेक्षा बरीच जास्त वर्षांची असते, बिल शोधा. फोन करताना बाजूच्या पट्टीवरचा मॉडेल आणि सिरीयल क्रमांक, किती लिटरचा, कोणतं पाणी येतं, कोणता ब्रेकर पडला आणि किती मिनिटांनी, एवढं सांगा. बदललेला जुना भाग मागून घ्या. एलिमेंट काढलं तर गॅस्केट नवीनच हवं, जुनं पुन्हा बसवलं की महिन्याभरात गळतं.

नवा घ्यायचा झाला तर आयएसआय चिन्ह बघा, टाकीवाल्या गिझरचं मानक आयएस २०८२ आहे. भिंतही बघा. भरलेला २५ लिटरचा गिझर पाण्याचेच २५ किलो धरून बसतो. मातीत बसवलेल्या चिऱ्यांच्या जुन्या भिंतीत साधे प्लास्टिकचे रावळ प्लग धरत नाहीत, तिथे आरपार बोल्ट आणि पलीकडून पट्टी लागते.

घर पुन्हा बंद करून जाणार असाल तर प्लग काढा, इनलेटचा कॉक बंद करा आणि टाकी ड्रेनमधून रिकामी करा. प्लगला कागद अडकवून त्यावर लिहून ठेवा: "टाकी रिकामी आहे. आधी पाणी, मग लाईट." पुढच्या वेळी घर तुम्हीच उघडाल असं नाही.